वारलेल्या काकूंचा रस्सा

मला स्वयंपाक येतो! खरं तर नववीत गेल्यापासून मला काय येत नाही तेवढंच विचारा. म्हणून त्या दुपारी मी आईला ठणकावलं, "तू बिनधास्त जा संपादकबाईंना आणायला. रस्सा माझ्यावर सोड!"

आई आपल्या भागातल्या जुन्या पदार्थांवर पुस्तकं लिहिते. गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायकांना बोलतं करते, त्यांचे आवाज रेकॉर्ड करते. नव्या पुस्तकाचा जीव होता आमच्या शेजारच्या चुलीवाल्या काकूंचा रस्सा. काकू गेल्याच महिन्यात वारल्या. संपादकबाई आज तो रस्सा चाखणार आणि पुस्तक छापायचं की नाही ते ठरवणार!

आई गेली. घर चिडीचूप. आभाळ असं भरलं होतं की भरदुपारी स्वयंपाकघरात अंधार. मडक्यात रस्सा रटरटत होता, जणू कुणी पोटातल्या पोटात हसतंय. इतक्यात चुलीवरच्या धुराड्यातून आवाज आला.

"आता मीठ घाल."

काकू!

माझे हात असे गार पडले की त्यांत दूध ठेवलं असतं तर नासलं नसतं! "घ... घालते, काकू!" मी चमचाभर घातलं.

"आता मीठ घाल."

"घातलं की हो!"

खरखर. खोकला. आणि पुन्हा, अगदी तशाच सुरात, "आता मीठ घाल."

वारलेल्या माणसाशी हुज्जत कोण घालणार? त्या म्हणत गेल्या, मी घालत गेले. शेवटी डोळे मिटून बरणीच उपडी केली!

तेवढ्यात संपादकबाई एकट्याच दारात हजर. आणि आई? ती जिन्यावरून खाली आली!

"तू वर कधी गेलीस?" मी किंचाळले.

"अगं, बाईंचा फोन आला, 'माझी मी येते.' मग अर्ध्या वाटेतून परतले, मागच्या जिन्याने गच्चीवरच्या खोलीत गेले. काकूंचं रेकॉर्डिंग उतरवून घेत होते. मिठाचं माप ऐकूच येईना, म्हणून तेवढाच तुकडा सारखा मागे नेऊन ऐकत होते."

धुराडं त्याच खोलीच्या खिडकीशी उघडतं.

संपादकबाईंनी तोवर चमचा तोंडात घातला होता. डोळे बाहेर, गाल आत. "ही... तुमची परंपरा?"

"नाही हो, ही माझी मुलगी!" आई कळवळून म्हणाली. "थांबा, काकूंच्याच तोंडून ऐका." तिने रेकॉर्डिंग लावलं.

"आता मीठ घाल." खरखर. खोकला. मग स्वच्छ, कानाशी आल्यासारखं, "पुरे गं पोरी! ठेव ती बरणी खाली."

आई पांढरीफटक पडली. "हे... हे यात नव्हतं."

संपादकबाई एव्हाना चपला पायात अडकवत होत्या, त्याही उलट्या. "छापते! पुस्तक छापते! नाही म्हणायची माझी छाती नाही! फक्त मला पुन्हा जेवायला बोलावू नका."

पुस्तक तरलं म्हणून आई मला रागावली नाही. पण मला मेलीला तेव्हापासून एकच गोष्ट खाते. वारलेल्या बाईला परत येऊन आवरावं लागलं, इतका वाईट स्वयंपाक केला मी!