रॉलिनची भिंत

व्हर्लाने चौथी बशी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवली, तेव्हा तिचा नवरा, कोच ऑरिन स्टानेक, जेवणाच्या टेबलावर राजम्याचे अकरा दाणे मांडून बसला होता.

"खायचंय की खेळायचंय?" व्हर्ला म्हणाली.

नेब्रास्कातल्या त्या गावात नोव्हेंबर लागला, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपत आला, की हरणाऱ्या कोचची बायको खोकी जमवायला लागते, त्यात नवल नाही. चेंडू घेऊन पुढे सरकता येईना की लाथेने तो लांब उडवायचा, म्हणजे पंट. काम एवढंसं. पण यंदा तीनदा लाथ बसायच्या आतच समोरचे येऊन अंगावर कोसळले. शाळेच्या मंडळाने मग तोंडावर सांगितलं, शुक्रवारी हरलात तर दुसरं गाव बघा.

"दोनच रस्ते आहेत," ऑरिन म्हणाला. "सगळ्यांनी पुढे खांद्याला खांदा लावून थोपवायचं, नाहीतर लाथ मारणाऱ्यासमोर तिघा दांडग्यांची भिंत करायची."

"रांग तीनदा फुटली. भिंत कर."

"दांडगे दोनच आहेत."

तिसरा दारात आला, बापाच्या तोंडून. हार्लन व्हर्बका मंडळाचा अध्यक्ष, धंद्याने खाटीक. "कोच, भिंतीत माझा रॉलिन."

"हार्लन, तो घाबरतो. मागे सरकतो."

"तीनशे पौंडांचं पोर कुठं सरकतंय? आणि तुमच्या करारावर सही कुणाची असते?"

हार्लन गेला. व्हर्लाने पाचवी बशी उचलली.

शुक्रवारी गार भुरभुर होती. माणसं मयताला जमावी तशी जमली. शेवटचं मिनिट, एका गुणाची आघाडी, आणि चेंडू आपल्याच गोलरेषेशी. मागे जागा नाही, पंट तर मारायलाच हवा. समोरचे ओरडत सुटले. दोघे दांडगे खांबासारखे उभे राहिले. रॉलिन एक पाऊल मागे आला. मग आणखी एक.

"मागं नको, रॉलिन! अरे, मागं नको!" ऑरिन ओरडला.

त्या मोसमातली सगळ्यात सणसणीत लाथ तीच. चेंडू थेट रॉलिनच्या ढुंगणावर बसला आणि उलटा आपल्याच गोलरेषेमागून मैदानाबाहेर गेला. नियमाने त्याचे समोरच्यांना दोन गुण मिळाले आणि सामना एका गुणाने गेला. त्यांचं बोटसुद्धा चेंडूला लागलं नव्हतं.

सोमवारी मंडळ बसलं. कोचला काढायचं तर कागदावर कारण हवं.

"कारण काय लिहू?" कारकुनीणबाईंनी विचारलं.

सगळे आपापल्या कॉफीत बघू लागले. त्या ढुंगणाचा बाप समोरच बसला होता.

"वारा," हार्लन म्हणाला.

"वारा कुठं होता?"

"होता! आणि वाऱ्यापायी कोचला काढत नाहीत."

ऑरिन घरी आला आणि टोपीसकट खुर्चीत बसला. "ठेवलं मला. आणखी एक वर्ष."

व्हर्लाने खोकी पुढे ओढली. तिने एकेक बशी कागदातून सोडवून फळीवर लावली. एक खोकं मात्र तसंच राहिलं.

"ते?"

"रॉलिनचं शाळेत अजून एक वर्ष आहे ना?"

ऑरिनने मान डोलावली.

"मग राहू दे बांधलेलं."