चादरीच्या टोकाचा लाल धागा

ज्या गोष्टीचं कारण माहीत नाही, तिच्यावर माणसाला नीट झोप लागत नाही. म्हणूनच आमच्या सोलापूरच्या साप्ताहिकाने १९७४ साली ‘हे असं का?’ हे सदर सुरू केलं आणि ते माझ्याकडे सोपवलं. (पात्रता: संपादकांचा मेहुणा.)

पापड भाजताना वाकडा का होतो, शिंक आली की निघालेला माणूस का थांबतो, अशा एकोणतीस प्रश्नांचा मी सहा महिन्यांत कायमचा निकाल लावला. त्यांतली अकरा उत्तरं शास्त्रीय होती, नऊ प्राचीन आणि बाकीची छापखान्याचा माणूस मजकुरासाठी दारात उभा असताना सुचलेली.

तिसावा प्रश्न वैरागहून आला. सोलापुरी चादरीच्या टोकाला कधीकधी लाल धागा असतो, तो का? मी लिहिलं, ती उशाची खूण आहे. डोकं आणि पाय यांची गल्लत होऊ नये म्हणून पूर्वजांनी ती योजली. त्या बाजूला डोकं केल्यास स्मरणशक्ती वाढते. (पूर्वजांची नावं जागेअभावी दिली नाहीत.)

अंक निघाला आणि गिऱ्हाइकं दुकानात चादर उलगडून धागा शोधू लागली. पार वेळापूरपर्यंत बिनधाग्याच्या चादरीला कुणी हात लावेना. कारखानदार शिवलिंगप्पांनी हुकूम काढला: प्रत्येक चादरीला धागा, एकच, उजव्या टोकाला.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या कारखान्यातली गुरम्मा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मागावरून उतरलेल्या चादरी ती सोळा वर्षं तपासत होती. सूत तुटलेलं दिसलं की ती तिथे लाल धागा बांधायची, म्हणजे सांधणाऱ्याला जागा सापडे. सांधून झाल्यावर त्याने धागा काढायचा. पण तो पडला आळशी. हुकूम निघाल्यावरही गुरम्मा तुटलेल्या जागीच धागा बांधत राहिली. मधोमध धागा असलेल्या सात चादरी दुकानातून परत आल्या. (एका गिऱ्हाइकाने लेखी विचारलं होतं, डोकं पोटापाशी ठेवायचं काय?) परंपरेचं ज्ञान नाही, या कारणावरून शिवलिंगप्पांनी तिला महिनाअखेर घरी बसायला सांगितलं होतं.

“त्यो धागा म्याच बांदते की, सायेब,” ती म्हणाली. “तेवढं लिवा. न्हाय लिवलं तर माजं काम जातंय.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सांधणारा आळशी आहे, हे वाचून कुणाची स्मरणशक्ती वाढणार? शिवाय धागा बांधणारी ती स्वतःच. अशा हितसंबंधी व्यक्तीची साक्ष निःपक्षपाती कशी धरायची?

तरीही अन्याय नको म्हणून मी दोन्ही कारणं शेजारी शेजारी छापली आणि वाचकांचा कौल पोस्टकार्डाने मागवला. पूर्वजांना चारशे बारा मतं पडली, गुरम्माला एक. (त्या कार्डावर नुसता अंगठा होता, म्हणून ते नियमाप्रमाणे बाद.) महिनाअखेर गुरम्मा घरी बसली. आता कारखान्यात प्रत्येक चादरीला उजव्या टोकाला धागा असतो आणि सूत कुठे तुटलंय ते कुणालाच सापडत नाही.

चारशे बाराही कार्डं मी जपून ठेवली आहेत. तुमचंही त्यात आहे. ‘स्वानुभव’ या शब्दाखाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत.