फणसचं दुखणं

फणस तीन आठवडे नीट खात नव्हता. गुरुनाथ रोज सांगायचा, "दात दुखत असेल. होईल बरा." फणस म्हणजे त्याच्या मुलीने, सानिकाने, पाळलेला हेजहॉग, ओंजळीत मावणारा काटेरी प्राणी. गुरुनाथ आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका हॉस्पिटलात कॅन्सरचा डॉक्टर. त्यामुळे घरात त्याच्या शब्दापुढे कुणी गेलं नाही.

"बाबा, ही विल बी ग्रँड, राइट? बरा होईल ना?" सानिका विचारायची.

शेवटी पशुवैद्य डॉ. ओर्ला यांनी अंगाचा गोळा करून बसलेल्या फणसला भूल देऊन तोंड उघडलं. हिरडीवर गाठ होती. तुकडा तपासून आला : कॅन्सर, जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला.

"तुम्ही काय करता?" त्यांनी सहज विचारलं.

"सॉफ्टवेअर," गुरुनाथ बोलून गेला.

मग ओर्लाबाईंनी कागदावर चित्र काढत पेशी म्हणजे काय, इथून सुरुवात केली. गुरुनाथ मान डोलावत राहिला. न राहवून त्याने विचारलं, "कापलं तर कडा स्वच्छ मिळतील? म्हणजे गाठ पूर्ण निघेल?"

"इंटरनेटवर वाचू नका," त्या मायेने म्हणाल्या. "तीन वर्षांवरच्या हेजहॉगमध्ये हे बरेचदा दिसतं. ऑपरेशन झेपणार नाही. वेदनेचं औषध देऊ, मऊ खाणं भरवा."

पुढच्या खेपेला क्लिनिकचा प्रिंटर बंद होता आणि सगळ्यांनी गुरुनाथकडे पाहिलं. टेबलाखाली शिरून त्याने बायकोला फोन लावला. निवेदिता खरोखरच सॉफ्टवेअरमध्ये होती.

"खरं सांगून टाक ना," ती म्हणाली.

"काय सांगू? घरातलाच कॅन्सर मला कळला नाही म्हणून?"

"मागची वायर काढून परत लाव."

प्रिंटर चालला. त्याच्या पुढच्या खेपेला त्याच्यासमोर दोन बिघडलेले कॉम्प्युटर ठेवण्यात आले.

औषध सुरू केल्याच्या पाचव्या आठवड्यात फणसने पाणीही सोडलं. सानिका बाहेर आईला बिलगून बसली. आत फणसला टॉवेलवर ठेवताना गुरुनाथ म्हणाला, "मी खोटं बोललो. मी कॅन्सरचा डॉक्टर आहे."

"माहीत आहे. माझे वडील तुमच्याकडेच उपचाराला होते."

"मग तो प्रिंटर?"

"तो खरंच बंद होता." ओर्ला फणसचं शेवटचं इंजेक्शन भरत होत्या. "बाबांना घेऊन आले तेव्हा तुम्हीही माझं काम विचारलं होतंत. मी शाळेत शिकवते म्हणाले. बाबांचा आवाज चार महिने बसलेला होता, मी सर्दी समजत होते."

वडील कसे आहेत, हे विचारायचा गुरुनाथला धीर झाला नाही. त्यांचा चेहराही त्याला आठवत नव्हता. इंजेक्शन देऊन ओर्ला दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. फणसचे काटे हळूहळू सैल पडले, आणि गुरुनाथला पहिल्यांदाच त्याच्या मऊ पोटावरून हात फिरवता आला.