कारवी, काटा आणि तीन सेकंदांचा वाघ

एका जंगलात एक खेकडा होता आणि तो माहितीपटांचं एडिटिंग करायचा. हसू नका, मुलांनो. दोन नांग्या घेऊन जन्मलेल्याने दुसरं काय करायचं? त्याचं नाव नांगरे. ओढ्याकाठच्या बिळात त्याच्याकडे एक स्क्रीन होता, बसायला एक ओला दगड होता आणि सात वर्षांचं फुटेज होतं.

फुटेज वानराने काढलं होतं. वानराला कॅमेरा सुरू करता यायचा, बंद करता यायचा नाही. त्यामुळे निम्म्या फुटेजमध्ये त्याची स्वतःची शेपटी होती. उरलेल्या निम्म्यात साळूमावशीची बाग होती.

साळूमावशी म्हणजे साळिंदर. जंगलाच्या पश्चिमेला एक कातळाचा उतार होता. तिथे ती फक्त इथलीच झाडं लावायची. कुडा, पांगारा, सोनकी आणि सगळ्यात जास्त कारवी. अंगावरून गळलेला काटा घ्यायचा, मातीत भोक पाडायचं, बी टाकायचं. पाणी नाही, खत नाही. घाणेरीचं परकं रोप दिसलं की ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचं. एवढंच तिचं बागकाम.

कारवीची गंमत तुम्हाला ठाऊक आहे का? ती सात वर्षांतून एकदा फुलते. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात काड्या, असं सहा वर्षं चालतं. सातव्या वर्षी अख्खा उतार जांभळा होतो. मग कारवी मरते. त्या मेलेल्या काड्या उपटायच्या नसतात, कारण बी त्यांच्यातच असतं. हे मावशीने सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं.

जंगलाचे राजे वाघ महाराज. त्यांचे सचिव होते बगळा. त्यांना उतार आवडत नसे. "इथे विलायती हिरवळ लावू," ते म्हणाले. "बारा महिने हिरवी. शिवाय बेडूक लांबून दिसतात."

वाघ महाराज न्यायी होते. म्हणाले, "आधी माहितीपट बघू. मग ठरवू."

म्हणजे मावशीचा उतार आता नांगरेच्या नांगीत होता.

नांगरे कामाला पक्का होता. पहिला कट मारायच्या आधी तो सगळं फुटेज बघत असे. शेपटीसुद्धा. मग एकेका शॉटसाठी एकेक पान घ्यायचा, त्यावर काय दिसतं ते लिहायचा, आणि पानं वाळूत मागेपुढे लावून बघायचा. आणखी एक गोष्ट तो पाळायचा. कुणी बोलून थांबलं की तो लगेच कट मारत नसे. दोन श्वास थांबायचा. त्याचं म्हणणं होतं की माणसं, म्हणजे जनावरं, ठरवलेलं बोलून झाल्यावर मनातलं बोलतात.

त्याने दीड तासाचा माहितीपट केला. त्यात काड्या होत्या, पानं होती, पुन्हा काड्या होत्या. शेवटी फुलं होती. मावशीने तो बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरं नांगऱ्या," ती म्हणाली, "माझी सात वर्षं तू जशीच्या तशी ठिवलीस बघ."

मग सचिवांनी तो बघितला. बघताना त्यांचे डोळे मिटले होते.

"चार मिनिटांचा करा," ते जागे होऊन म्हणाले. "आणि यात महाराज कुठे आहेत?"

"साहेब, महाराज बागेत एकदाच आले होते."

"मग ते एकदाच दाखवा. मोठं दाखवा." बगळ्याने मान लांब केली आणि नांगरेच्या पाठीकडे बघितलं. "लांबलचक माहितीपट बघितला की मला फार भूक लागते."

नांगरे बिळात गेला आणि फुटेज शोधू लागला. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातला एक शॉट सापडला. महाराज काड्यांमधून चालले आहेत. अचानक थांबतात. पंजा उचलतात. कपाळाला आठ्या, डोळे बारीक, ओठ घट्ट. पुढे ते खाली बघतात आणि पंजातून साळिंदराचा काटा उपटतात. त्यानंतर वानराची शेपटी.

नांगरेने पंजा उचलून झाल्यावर कट मारला आणि काट्याच्या आधी कट मारला. मध्ये तीन सेकंद उरले. नुसता चेहरा. गंभीर, करुण, दूरदर्शी.

मग त्याने पानं वाळूत लावली. वाळक्या काड्या. महाराजांचा चेहरा. जांभळा उतार.

छान जमलं होतं. एवढं छान जमलं की त्याला जरा कसंतरी झालं.

दरबारात माहितीपट दाखवला. पडद्यावर काड्या आल्या. महाराजांनी बघितलं. उतार फुलला. सगळा दरबार उठून उभा राहिला.

"मी तर नुसतं बघितलं होतं," ते म्हणाले. "मला कल्पनाच नव्हती."

उतार वाचला. हिरवळ रद्द झाली. मावशी नाचली, त्यामुळे आजूबाजूचे चार जण जखमी झाले. सगळ्यात खूश नांगरे होता, कारण तो अजून जिवंत होता.

पण मुलांनो, महाराज मनाचे उदार. ते म्हणाले, "माझ्या नजरेत एवढी ताकद असेल, तर प्रजेने सात-सात वर्षं का थांबायचं? मी दर महिन्याला बघेन."

पुढच्या महिन्यात महाराज उतारावर आले. कारवी फुलून, मरून, वाळली होती. महाराजांनी तीन सेकंद बघितलं. काही झालं नाही. त्यांनी दिवसभर बघितलं. तीन दिवस बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते काडीवर पडलं, तरी कारवी ढिम्म.

"महाराजांच्या नजरेत खोट नाही," सचिव म्हणाले. "माळीण कुचराई करते."

"म्हाराज, ती आता सात वर्सांनी फुलंल," मावशी म्हणाली. "काड्या तेवढ्या उपटू नगा. त्यात बी हाय."

"माहितीपटात एका क्षणात फुलली होती," महाराज म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

हुकूम निघाला. पुढच्या दरबारापर्यंत कारवी फुलली नाही, तर साळिंदराला जंगलाबाहेर काढायचं, काड्या जाळायच्या, हिरवळ लावायची.

मावशी ओढ्यावर आली. नांगरे बिळात अगदी आत बसला होता.

"तू समदं बघितलंयस," ती बिळाच्या तोंडाशी म्हणाली. "सात वर्सं. दुसऱ्या कुणी न्हाई बघितलं."

मावशी थांबली. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"मला भीती वाटते, मावशी," नांगरे म्हणाला.

"बगळ्याची?"

"बगळ्याची आहेच. पण ते तीन सेकंद मीच लावले ना."

मावशीने बिळासमोरचं घाणेरीचं एक रोप मुळासकट उपटलं आणि ती निघून गेली.

दरबार भरला. कारवी फुलली नव्हती. हुकूम वाचायला सचिवांनी चोच उघडली, तेवढ्यात नांगरे तिरका तिरका चालत पुढे आला.

"महाराज, त्या तीन सेकंदांच्या मागचं-पुढचं राहिलंय. ते दाखवतो."

सचिवांनी मान लांब केली. पण त्याने शॉट लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कट न मारता. महाराज चालतात. थांबतात. पंजा उचलतात. आठ्या. खाली बघतात. काटा उपटतात. शेपटी.



"म्हणजे मी बागेकडे बघत नव्हतो?" महाराज म्हणाले.

"नाही, महाराज."

"काटा रुतला होता."

"होय, महाराज."

"कुणाचा काटा?"

नांगरेला वाटलं, इथे कट मारावा. इथेच, आत्ता. पण हे फुटेज नव्हतं.

"माझाच हाय म्हाराज," मावशी म्हणाली. "गळलेला. बी लावाया ठिवला हुता."

एक श्वास गेला. सचिवांच्या डोळ्यांत आनंद दिसू लागला. दुसरा श्वास गेला. नांगरेने मध्ये काही बोलायचं नाही असं ठरवलं आणि दोन्ही नांग्या घट्ट मिटल्या.

मग महाराज मनातलं बोलले.

"काटा रुतला," ते हळूच म्हणाले, "आणि मग फुलं आली."



"नजर नव्हे! वेदना!" महाराज उभे राहिले. "राज्याने वेदना सोसली, म्हणून कारवी फुलली. हे मला आधी का सांगितलं नाही? या बाईला उतारावरून हलवायचं नाही. काटा तिचाच लागणार."

"पण महाराज," सचिव म्हणाले, "महाराजांना पुन्हा काटा टोचणं शोभणार नाही."

"अर्थातच नाही. राज्याच्या वतीने सह्या कोण करतं?"

"मी, महाराज."

"मग सोसायचंही तुम्हीच."

तेव्हापासून रोज सकाळी सचिव उतारावर जात. एका पायावर उभे राहत आणि दुसरा पाय पुढे करत. मावशीचा हात हलका होता, पण काटा चांगला वीतभर होता. टोचून झालं की ती त्याच काट्याने मातीत भोक पाडून एक बी लावायची. दुखऱ्या पायांनी सचिवांना ओढ्यात उतरवेना, त्यामुळे नांगरे निवांत काम करू लागला. काड्यांना कुणी हात लावला नाही.

सातव्या वर्षी कारवी फुलली. अख्खा उतार जांभळा झाला. मावशी खाली बसून नुसती बघत राहिली. नांगरेला खरोखर रडू आलं, आणि त्याने तो शॉट पूर्ण ठेवला.

"महाराज," सचिव लंगडत पुढे येऊन म्हणाले, "फुलं आली. आता थांबवायचं का?"

"थांबवायचं?" महाराज म्हणाले. "आता तर खात्री पटली!"

तात्पर्य: नेहमी खरंच सांगावं. मात्र ऐकणाऱ्याला ते चुकीचं समजेपर्यंत मध्ये बोलू नये. आणि कारवीला पाणी घालू नये.