ठवकरांची शिंगवाली गिटार

खोक्यावर गिटारचे चित्र होते, खोक्यात मात्र गिटार नव्हती. गिटारच्या अंगाचा एक कोरा लाकडी पाट, एक लांब दांडा, तारांची गुंडाळी, स्क्रूंच्या पिशव्या आणि वायरींचे जंजाळ असा सगळा ऐवज मधुसूदन ठवकरांनी दिवाणावर मांडला.

"हे सारं तुम्ही जोडणार?" चारुशीलाने विचारले.

"आधी रंगवायचं, मग जोडायचं. व्हिडिओत तो माणूस हसत हसत जोडून राहिला होता."

"तो माणूस तुम्ही नव्हते ना पण," चारुशीला म्हणाली. नवऱ्याचे हात तिला लग्नापासून ठाऊक होते.

त्यांची मुलगी वेदिका नववीत होती. ती इलेक्ट्रिक गिटार शिकत होती, पण सरांच्या गिटारवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, सक्करदऱ्यातल्या त्यांच्या लेआउट वसाहतीच्या मैदानावर लहान मुलांच्या लाकडी नंदीबैलांची स्पर्धा असे आणि नंतर करमणुकीचे कार्यक्रम. यंदा त्यात वेदिका पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार होती. तिला स्वतःची गिटार हवी होती, काळी, चकचकीत. तयार गिटारची किंमत ऐकून ठवकर एका धाडसी क्षणी म्हणाले, "थांब, मीच बनवून देतो."

हे वाक्य त्या घरात नवे नव्हते. ठवकर नोकरीला एका सरकारी कार्यालयात, पण जीव सगळा सुतारकामात. त्यांनी चपलांचे रॅक केले होते, त्यावर ठेवलेली चप्पल सावकाश घरंगळत खाली यायची. त्यांनी टेबललॅम्प केला होता, तो एकाने धरून ठेवला की दुसऱ्याला वाचता यायचे. प्रत्येक वेळी वेदिका वस्तू नीट बघायची आणि गोड आवाजात म्हणायची, "छान आहे, बाबा." चारआठ दिवसांत ती वस्तू मुकाट्याने दिवाणाखाली जायची.

ठवकर काही खुळे नव्हते. पोरगी आपल्याला सांभाळून घेते, हे त्यांना कळत होते. बायको टोमणे मारते, त्यांना उत्तर देता येते. पण दया करणाऱ्या लेकीपुढे बापाने काय बोलावे? या वेळी तो आवाज ऐकावा लागू नये, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती. पोरीने एकदा तरी आपण केलेली वस्तू मनापासून आपली म्हणावी.

देवाने पहिल्याच पायरीला हात आखडता घेतला. श्रावणातल्या दमट हवेत काळा रंग वाळेचना. ठवकरांनी पाट वर्तमानपत्रावर पालथा घातला, तर गिटारच्या पोटावर सोन्याचे भाव उलट्या अक्षरांत उमटले. घासून पुन्हा रंगवले, तर त्यात डास चिकटले. ते उठता बसता गॅलरीत जाऊन पाटाला बोट लावत आणि प्रत्येक वेळी बोटाचा नवा ठसा सोडून परत येत. शेवटी पोळ्याच्या दिवशी सगळा रंग खरवडून, पाट पिशवीत घालून त्यांनी स्कूटर काढली आणि इतवारीचा बाजार गाठला.

इतवारीत दादाजी पेंटरच्या दुकानी झटपट वाळणारा रंग मिळतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ते खरेच होते. फक्त पोळ्याच्या सुमारास दादाजींच्या दुकानात नंदीबैलांशिवाय दुसरे काही नसते, ते कोणी सांगितले नव्हते. फळीवर बैल, पायरीवर बैल, दादाजींच्या मांडीवरही बैल. ठवकरांनी अंग चोरून पाट पुढे केला. वर दोन बाजूंना दोन टोके निघालेला तो पाट दादाजींनी फिरवून फिरवून पाहिला.

"नवा पॅटर्न आणला भाऊ! पोरासाठी काय?"

"पोरीसाठी. उद्याच पाहिजे जी. संध्याकाळी मैदानावर कार्यक्रम आहे."

"आता सारे उद्यासाठीच येऊन राहिले. अन् हे खड्डे काहून पाडले?"

"आतलं सामान बसवायसाठी. विजेवर चालते ना."

"करंटवाला!" दादाजींचे डोळे विस्फारले. "रंग कोणता मारू?"

ठवकर "काळा" म्हणणार, तेवढ्यात मागून हातगाडीवाला ओरडला, "ओ स्कूटरवाले! गल्ली काय नावावर करून घेतली काय?" त्याच्या मागे एक टेम्पो आणि टेम्पोमागे अख्खी इतवारी खोळंबली होती.

"चांगला मारा, चकचकीत! तुम्हाले तर समजतेच!" असे ओरडत ठवकर स्कूटरकडे धावले.

"बेफिकीर राहा, पहिलं बक्षीस घेईल!" दादाजी मागून म्हणाले. माणूस भारी उत्साही आहे, असे ठवकरांना वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईडापिडा बाहेर काढणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतून वाट काढत त्यांनी कागदात गुंडाळलेला पाट घरी आणला. वेदिका सरांकडे सरावाला गेली होती. त्यांनी कागद सोडला. आतून एक पांढराशुभ्र बैल त्यांच्याकडे टक लावून पाहत होता.

दोन टोकांची सोनेरी शिंगे झाली होती, टोकाशी लाल गोंडे रंगवलेले. मोठमोठे काजळ घातलेले डोळे, कपाळावर कमळ, कडेकडेने आरसे लावलेली झूल. आणि खाली, अॅम्प्लिफायरच्या वायरची पिन जिथे खुपसायची त्या भोकाभोवती, दोन लालचुटूक ओठ.

चारुशीला पाहायला आली आणि तोंडाला पदर लावून तशीच स्वयंपाकघरात परत गेली. आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखा आवाज येत राहिला.

"हसू नको वं!" ठवकर कळवळले. "पोरगी संध्याकाळी काय वाजवंल?"

"वाजवंल काय, चारा टाकंल त्याले," आतून उत्तर आले.

आता रंग खरवडायला वेळ नव्हता. ठवकरांनी बैलाच्या कपाळात दांडा बसवला, खड्ड्यांत सामान भरले, बोटे भाजून घेत वायरी डागल्या, तारा चढवल्या. सरांकडून आणलेल्या छोट्या अॅम्प्लिफायरला वायर जोडून त्यांनी डोळे मिटले आणि तार छेडली. "घूंऽऽ" असा दणदणीत आवाज निघाला. ठवकरांनी केलेली वस्तू आयुष्यात पहिल्यांदा चालली होती आणि ती पाहायला खोलीत त्या बैलाशिवाय कोणी नव्हते. डाव्या शिंगाचा रंग अजून हाताला ओलसर लागत होता, म्हणून गिटार गॅलरीत खुर्चीवर उभी करून ते आंघोळीला गेले.

संध्याकाळी मैदानावर चाकांचे नंदी, पिवळे नंदी, मालकांहून उंच नंदी असा थाट जमला होता. स्टेजच्या मागे, सरांकडून परस्पर आलेली वेदिका वाट पाहत उभी होती. ठवकरांनी चादरीत गुंडाळलेली गिटार तिच्या हातात दिली.

वेदिकाने चादर बाजूला केली. बैलाने तिच्याकडे पाहिले, तिने बैलाकडे पाहिले. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. "छान आहे, बाबा" देखील नाही. त्या आवाजाला भ्यालेल्या ठवकरांना आता त्या आवाजाची आठवण येऊ लागली.

"बेटा, तो पेंटर..." ते बोलू लागले, पण तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले. वेदिका गिटार गळ्यात अडकवून वर गेली. मैदानातल्या पोरांनी एकच गिल्ला केला, "नंदी! दीदीचा नंदी!"

साउंडवाल्याने बैलाच्या तोंडात पिन खुपसली. वेदिकाने तार छेडली. काहीच नाही. तिने बटणे फिरवली, पुन्हा छेडली. साउंडवाल्याने पिन आणखी जोराने दाबली. तरीही आवाज नाही. पोरीचा चेहरा रडवेला झाला आणि खाली बाप स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला. सकाळी तर चांगली वाजत होती!

"अगं बाई, काय झालं त्याले?" पुढच्या खुर्चीवरून शेजारच्या इंदुताई म्हणाल्या. त्यांची आणि ठवकरांची गॅलरी एकमेकींना चिकटून होती. "दुपारी तर चांगलं पुरण खाल्लं त्यानं!"

ठवकर गर्रकन वळले. "कोणी चारलं?"

"मी! सणाचा दिवस, एवढा देखणा नंदी खुर्चीत उपाशी बसून होता. हळदकुंकू लावलं अन् चारलं. तोंड लहान आहे जी त्याचं, बोटानं दाबून दाबून चारावं लागलं."

पुढच्या क्षणी ठवकरांनी चारुशीलाच्या केसांतली पिन ओढली आणि उभ्या जन्मात स्टेजवर न चढलेला हा माणूस स्टेजवर चढला. साऱ्या लेआउटसमोर गुडघे टेकून ते बैलाच्या तोंडातून पुरण उकरू लागले.

"डॉक्टर आले! जनावराचे डॉक्टर!" मागून कोणीतरी ओरडले. ठवकरांचे कान तापले, पण त्यांनी हात थांबवला नाही. शेवटचा कण रुमालाने पुसून त्यांनी वायर जोडली.

"वाजव," ते म्हणाले.

मैदान दणाणले. पोरांनी दोऱ्या सोडून आपापले नंदी खांद्यावर घेतले आणि नाचायला सुरुवात केली. दोन सुरांच्या मधे गिटार हळूच हंबरत होती, पण वेदिका थांबली नाही. कार्यक्रम संपल्यावर नंदी स्पर्धेच्या परीक्षकांनी, नाव दिलेले नसतानाही, बोलक्या बैलाबद्दल तिला स्टीलचा डबा दिला.

घरी जाताना वेदिका एकदम सुटली. "बाबा, तारा किती उंच लावल्या! बोटं सोलून निघाली माझी. हे तिसरं बटण कशासाठी आहे? काहीच होत नाही त्यानं. हात काढला की घरघर करते. अन् पेंटरला गिटार आहे म्हणून सांगितलं काहून नाही?"

"हातगाडीवाला ओरडून राहिला होता ना," ठवकर पडेल आवाजात म्हणाले. "उद्या काळा रंग मारून आणू काय?"

वेदिका रस्त्यातच थांबली. तिने गिटार दोन्ही हातांनी छातीशी धरली. "हात तर लावून पाहा!"

रात्री ठवकरांना झोप येईना. पोरीने एवढ्या चुका काढल्या, एकदाही छान म्हटले नाही, आणि तरीही छातीत कसे हलके वाटत होते. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी सवयीने दिवाणाखाली वाकून पाहिले. चपलांचे रॅक होते, टेबललॅम्प होता. गिटार नव्हती.

ती बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी भिंतीवर टांगलेली होती. कपाळावरचे हळदकुंकू तसेच होते. तोंडावर मात्र चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर वेदिकाच्या अक्षरात लिहिले होते :

"नंदीचे जेवण झाले आहे. कृपया पुरण चारू नये. — मालकीण."