रिकाम्या गाडीची राखण

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बँकेत एकतीस वर्षं लोकांचे लॉकर सांभाळलेल्या माणसाला दुसरं नाव शोभणार तरी कसं? घरात कपाटाला कुलूप, फडताळाला कुलूप! साखरेच्या डब्यालाही लागलं असतं, पण बायको आडवी आली.

तिची इच्छा फार मोठी नव्हती. डोंगरावरचं तळं एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच. तीन सुट्ट्यांत ती दोघं तीनदा निघाली, आणि तिन्ही वेळा अर्ध्या चढावर कुलूपरावांना गाडी आठवली. "डिकी लावली होती ना गं?" की फिरले माघारी!

"यंदा तसं होणार नाही," पायथ्याशी गाडी लावताना कुलूपराव छाती काढून म्हणाले. "चोर गाडी का फोडतो? आत काहीतरी असेल असं वाटतं म्हणून. आपण त्याला दाखवूनच द्यायचं, बाबा रे, काही नाही!"

आणि ते कामाला लागले. समोरचा खण सताड उघडा टाकला. मागची सीट उलथवली. पायपुसणी, रेडिओ, कागदपत्रं, लायसन्स, बायकोच्या बांगड्या, तिचा फोन, सगळं पाठपिशवीत कोंबलं. मग वायपर उपटले! काचेवर आतून चिठ्ठी डकवली: 'गाडीत काहीही नाही. शंका असल्यास विचारावे.' खाली स्वतःचा मोबाइल नंबर. दार लावलं आणि किल्लीही पिशवीच्या तळाशी गेली.

"वायपर कशाला हो?" बायकोने विचारलं.

"तुला चोरांची अक्कल माहीत नाही!"

अर्धी गाडी पाठीवर घेऊन डोंगर चढणं सोपं नसतं. दर दहा पावलांना कुलूपराव बसत होते, पण चक्क पुढे जात होते. तळं अगदी पुढच्या वळणावर आलं आणि त्यांचा फोन वाजला. पार्किंग सांभाळणाऱ्या मावशी होत्या.

"साहेब, तुमची गाडी धुवून नेली हो! खण उघडा, सीट उलथी, आत चिटपाखरू नाही! अहो, वायपरसुद्धा सोडले नाहीत मेल्यांनी! हवालदार आलेत, लवकर या!"

"वायपरसुद्धा!" कुलूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

बायकोने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पिशवीतून डोकावणाऱ्या दोन वायपरांकडे पाहिलं. वळणाकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं. तिच्या पायाशी पिशवी टाकून, "जिवापाड जप!" असं ओरडत कुलूपराव उताराला लागलेसुद्धा.

खाली हवालदार गाडीभोवती फेऱ्या मारत होते. "कुलूप शाबूत, काच शाबूत. चोर भलताच शिस्तीचा दिसतोय."

कुलूपरावांनी काचेला नाक लावलं. उघडा खण बघितला, उलथी सीट बघितली, आपल्याच अक्षरातली चिठ्ठी वाचली. मग बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, हे मीच केलंय."

हवालदारांनी वही उघडली. "कबूल?"

"कबूल काय? गाडी माझीच आहे!"

"कागद?"

"पिशवीत."

"लायसन्स? किल्ली?"

"तेही पिशवीत. पिशवी बायकोकडे, वर तळ्याजवळ."

"फोन लावा त्यांना."

"तिचा फोनही पिशवीतच, मीच बंद करून ठेवलाय. पण चिठ्ठीवरचा नंबर तर माझाच आहे ना!"

"काहीही शिल्लक नाही असं लिहून जातो, तो चोरच की!"

मावशींनी स्टूल दिलं. "चेहऱ्यावरून वाटत नाही हो," असंही म्हणाल्या. दोन तास कुलूपराव रिकाम्या गाडीकडे बघत बसले आणि हवालदार कुलूपरावांकडे.

बायको सावकाश उतरत आली. तिने कागद दाखवले, किल्ली दाखवली, नवराही आपलाच असल्याचं सांगितलं. हवालदारांनी हात जोडून वही मिटली.

"वर एकटी घाबरली असशील," कुलूपराव ओशाळून म्हणाले. "मावशींनी वायपर म्हटल्याबरोबर माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"माझ्या आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण तुम्ही निघालातच, आणि तळं वळणावर होतं."

कुलूपराव हळूच म्हणाले, "कसं आहे गं तळं?"

"शांत," ती म्हणाली. "तुमची पिशवी उशाशी घेऊन तासभर पडले होते. पुढच्या सुट्टीत पलीकडचा डोंगर करू. वायपर मीच काढून देईन!"