शांघायची जोडी

एझ्राकाका फोन लावत आणि पलीकडून ‘हॅलो’ आलं की रिसीव्हरपाशी चांदीची घुंगरं वाजवत. बोलणं मग सुरू होई. जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ. मॅनहॅटनहून दमून आलो की बूट काढेपर्यंत शेजारी घुंगरं वाजत आणि मागोमाग ऐकू येई, “रूबेन, तू गधा है.”

काका बगदादी ज्यू. जन्म शांघायचा, पण आई मुंबईची, म्हणून हे हिंदी. ‘काका’ ही आमची मराठी सवय. त्यांनी ती चालवून घेतली.

ज्यूंच्या धर्मग्रंथाची गुंडाळी दोन दांड्यांवर असते. त्या दांड्यांच्या टोकांवर चांदीचे दोन कळस चढवतात. काकांच्या वडिलांनी ते शांघायच्या एका चिनी कारागिराकडून करून घेतले होते. त्यानं आपल्या ओळखीचा, एकावर एक छपरांचा पॅगोडाच घडवला, छपराछपराला घुंगरं लावून. युद्धानंतर शांघाय सुटलं, तेव्हा दोघा भावांनी एकेक कळस घेतला. एक काकांकडे, दुसरा लांबच्या श्रूजबरी गावात धाकट्या रूबेनकडे. खरा आवाज आपल्याच कळसाचा, असं दोघांचंही म्हणणं. मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकताना मान आपोआप हलायची.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात एका म्युझियमनं जोडी मागितली. दोघे चक्क हो म्हणाले. काका ड्राइव्ह करत नसत, त्यामुळे माझा रविवार गेला.

श्रूजबरीला रूबेननी दोन्ही कळस टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग रूबेन म्हणाले की उजव्या दांडीवरचा कळस त्यांचा. काका म्हणाले, मुळीच नाही. चहा निवला, मी सोफ्यावर पेंगलो. जाग आली तेव्हा म्युझियम कॅन्सल झालं होतं. काकांचा कळस मफलरमध्ये गुंडाळलेला होता आणि रूबेन काकांच्या कोटाची बटणं लावत होते.

परतताना मी वैतागून म्हटलं, “काका, एकानं डावा घ्यायचा होता. एवढं काय त्यात?”

त्यांनी मफलर मांडीवर नीट घेतला आणि बाहेरच्या बर्फाकडे बघितलं.

“शांघायच्या घरातले आता आम्ही दोघंच उरलोय,” ते म्हणाले. “जोडी काचेत गेली, तर तो भांडणार कोणाशी?”

मी हीटर थोडा वाढवला. जर्सी सिटी अजून लांब होतं.